परराज्यातल्या कोर्टाचा हुकूमनामा नागपुरात वसुलीला आला तर: पायरीपायरीने काय करायचं

दुसऱ्या राज्यातल्या दिवाणी कोर्टाने तुमच्याविरुद्ध हुकूमनामा (डिक्री, म्हणजे निकालाप्रमाणे कोणी काय द्यायचं हे सांगणारा कोर्टाचा कागद) दिला आहे आणि आता त्याच्या अंमलबजावणीची नोटीस नागपूरच्या जिल्हा न्यायालयातून तुमच्या हाती आली आहे, अशांसाठी हा लेख आहे. आमचा इतवारीत ठोक व्यापार आहे. वडिलांच्या आणि फर्मच्या नावाने शेजारच्या राज्यात दावा लागला, समन्स गेलं कळमन्याच्या जुन्या गोदामाच्या पत्त्यावर, तिकडे एकतर्फी निकाल झाला, आणि घरात ही गोष्ट कळली ती थेट वसुलीच्या वेळी. त्यातून बाहेर पडताना जे शिकायला मिळालं ते सगळं इथे मांडतो आहे.

मी वकील नाही आणि वकिलाशिवाय हे काम करू नका. पण कोणता मुद्दा कुठे मांडायचा, हे पक्षकाराला स्वतःला कळलेलं असलं पाहिजे. या प्रकरणांत माणसं हरतात ती बहुतेक वेळा मुद्दा खोटा असतो म्हणून नाही, तर खरा मुद्दा चुकीच्या कोर्टात किंवा मुदत गेल्यावर मांडला म्हणून.

१. हातातला कागद नेमका कोणता, ते आधी पाहा

कोर्टाचं नाव, प्रकरणाचा क्रमांक आणि पुढची तारीख या तीन गोष्टी सगळ्यात आधी वाचा. नागपूरच्या दिवाणी न्यायाधीशांचं कोर्ट आणि ‘दरखास्त’ असा उल्लेख असेल, तर मूळ कोर्टाने हुकूमनामा इकडे पाठवला आहे आणि वादीने इथे वसुलीचा अर्ज केला आहे. त्या अर्जात वादी झाला डिक्रीदार आणि तुम्ही ऋणको. पुढचं सगळं याच प्रकाराबद्दल आहे.

पण कागद वेगळाही निघू शकतो. ट्रक, जेसीबी किंवा धंद्याच्या कर्जाचं प्रकरण असेल तर तो बहुधा लवादाचा निवाडा असतो. त्याची अंमलबजावणी मालमत्ता जिथे आहे तिथल्या कोर्टात थेट करता येते, मूळ कोर्टाकडून तो वर्ग करून आणावा लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. तिथे आव्हान द्यायचं ते लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली, निवाडा मिळाल्यापासून ३ महिन्यांत. त्यावर फार तर आणखी ३० दिवस मिळतात, त्यापुढे एक दिवसही नाही. चेक परत गेल्याचं प्रकरण फौजदारी असतं, ग्राहक आयोगाचा आदेश आणि बँकेच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाचा दाखला यांचे रस्तेही वेगळे. त्या कागदांसाठी हा लेख वापरू नका.

२. दोन कोर्टं, दोन कामं

संविधानाचा अनुच्छेद २६१ सांगतो की भारतातल्या कोणत्याही दिवाणी न्यायालयाचा अंतिम निकाल देशात कुठेही कायद्यानुसार अंमलात आणता येतो. त्यामुळे ‘तो तिकडच्या राज्याचा निकाल आहे, महाराष्ट्रात चालत नाही’ हा युक्तिवाद पहिल्या तारखेलाच संपतो. परदेशी कोर्टाच्या निकालाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये सहा अपवाद दिले आहेत आणि इंटरनेटवर त्यांच्याबद्दल बरंच लिहिलेलं सापडतं. भारतातल्याच दुसऱ्या राज्याच्या हुकूमनाम्याला ते लागू नाहीत.

आता मुख्य गोष्ट. हुकूमनामा चूक आहे, माल खराब होता, हिशेब खोटा होता, मला समन्सच मिळालं नाही, हे सगळं ऐकायचा अधिकार मूळ कोर्टाला किंवा त्याच्यावरच्या अपील कोर्टाला आहे. नागपूरचं कोर्ट फक्त अंमलबजावणी करतं. हुकूमनाम्याच्या मागे जाऊन तो बरोबर की चूक हे ते तपासत नाही. सर्वोच्च न्यायालयाने वासुदेव धनजीभाई मोदी प्रकरणात १९७० मध्ये हे ठामपणे सांगितलं आणि तेव्हापासून प्रत्येक कोर्ट तेच सांगत आलं आहे. अपवाद एकच: ज्या कोर्टाला तो दावा चालवण्याचा मूलभूत अधिकारच नव्हता, किंवा जो हुकूमनामा मुळातच शून्य आहे, तो अंमलबजावणीच्या टप्प्यावरही अडवता येतो.

नागपूरच्या कोर्टाला काय ऐकता येतं? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४७ प्रमाणे (पुढेही नुसतं ‘कलम’ म्हटलं ते याच संहितेचं) हुकूमनाम्याची अंमलबजावणी, फेड आणि पूर्तता यांच्याशी संबंधित सगळे वाद. कलम ४२ मुळे वर्ग होऊन आलेल्या हुकूमनाम्याबाबत या कोर्टाला स्वतःच्या हुकूमनाम्याइतकेच अधिकार असतात. म्हणून एक कोरा कागद घ्या, मधोमध रेघ ओढा. एका बाजूला ‘निकाल चूक का’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वसुली चूक का’ असे मुद्दे लिहा. पहिली बाजू घेऊन तिकडच्या वकिलाकडे जा, दुसरी घेऊन इथल्या.

आणखी एक गैरसमज नागपुरात फार दिसतो. सिव्हिल लाइन्सला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, म्हणून तिथे अपील करू, असं लोकांना वाटतं. परराज्यातल्या हुकूमनाम्याविरुद्धचं अपील त्याच राज्यातल्या वरच्या कोर्टात जातं. नागपूर खंडपीठाचा संबंध येतो तो नागपूरच्या कोर्टाने अंमलबजावणीत दिलेल्या आदेशापुरता.

३. मुदती आजच लिहून काढा

एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज (दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ९, नियम १३): हुकूमनाम्यापासून ३० दिवस. समन्सची बजावणी रीतसर झालीच नसेल, तर तुम्हाला हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून ३० दिवस.

अपील: जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस.

कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवून घेण्याचा ऋणकोचा अर्ज: पैसे दिल्यापासून ३० दिवस.

लिलाव रद्द करण्याचा अर्ज: विक्रीपासून ६० दिवस.

पहिल्या दोन अर्जांना उशीर झाला तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली उशीर माफीचा अर्ज करता येतो. शेवटच्या दोघांना ती सवलत नाही, कारण संहितेच्या आदेश २१ (अंमलबजावणीचं प्रकरण) खालच्या अर्जांना कलम ५ लागू होत नाही. हा फरक अनेकांना फार महाग पडतो.

‘माहिती झाल्यापासून’ हे शब्द तुमच्या बाजूने वापरायचे असतील तर पुरावा जपा. नोटिशीचा लिफाफा फेकू नका. त्यावरचा टपालाचा शिक्का, बेलिफाने नोटीस दिल्याची तारीख, तुम्ही सही कुठे आणि काय लिहून केलीत, याचा फोटो काढून ठेवा. अपिलात प्रमाणित नकलेसाठी लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जात तसे वजा होतील असं धरून चालू नका, नक्कल यायची वाट न पाहता अर्ज टाका आणि नक्कल मागाहून जोडा.

मे-जूनच्या सुट्टीत मुदत संपत असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अर्ज करता येतो. पण प्रत्येक राज्याच्या सुट्ट्या वेगळ्या असतात. इथे बंद म्हणून तिकडेही बंद, असं समजू नका.

४. कागदपत्रं दोन्हीकडून गोळा करा

ई-कोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर पक्षकाराच्या नावाने शोधा. प्रकरणाचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळाला की मूळ दाव्याच्या तारखा आणि अपलोड झालेले आदेश घरबसल्या वाचता येतात. अपलोड झालेली प्रत माहितीसाठी. कोर्टात जोडायला प्रमाणित नक्कल लागते.

मूळ कोर्टातून हे मागवा:

दावा आणि त्यासोबतची कागदपत्रं, निकालपत्र आणि हुकूमनामा (हे दोन वेगळे कागद आहेत, दोन्ही घ्या), संपूर्ण रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद), समन्स आणि त्याच्या बजावणीचा अहवाल, पोस्टाची पोच किंवा परत आलेला लिफाफा, वर्तमानपत्रातून समन्स दिलं असेल तर ती जाहिरात आणि तसा आदेश, आणि हुकूमनामा वर्ग करण्याचा अर्ज व त्यावरचा आदेश.

नागपूरच्या कोर्टातून हे घ्या:

दरखास्तीची प्रत, मूळ कोर्टाकडून आलेले सगळे कागद, आणि काही जप्ती झाली असेल तर वॉरंट व बेलिफाचा अहवाल.

स्वतःकडचं: त्या काळातल्या पत्त्याचे पुरावे. आमच्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडले ते जीएसटी नोंदणीतला पत्ताबदल आणि गोदाम सोडल्याचा करार. वीजबिल, दुकान परवाना, भाडेकरार, बँकेच्या पासबुकावरचा पत्ता, असं काहीही चालेल, फक्त तारीख दिसली पाहिजे. त्यासोबत सगळ्या पेमेंटचे बँक-उतारे.

बजावणीचा अहवाल नीट वाचा, हे मी हात जोडून सांगतो. दुसऱ्या राज्यातलं समन्स पुष्कळदा नागपूरच्याच कोर्टाकडे बजावणीसाठी येतं आणि इथल्याच बेलिफाने त्यावर शेरा मारलेला असतो. ‘दाराला चिकटवलं’ असं असेल तर कोणत्या दाराला, पंच कोण, घर बंद होतं का सोडून गेलेलं, हे तिथे लिहिलेलं असायला हवं. नसेल तर तो तुमचा मुद्दा आहे.

कागद गुजराती, तेलुगू, ओडिया अशा भाषेत असतील तर भाषांतर करून घ्या आणि त्यावर भाषांतरकाराची सही घ्या. नागपूरच्या कोर्टात मराठी किंवा इंग्रजी भाषांतर लागेलच.

५. मूळ कोर्टात अर्ज: हीच खरी लढाई

हुकूमनामा एकतर्फी असेल तर तो ज्या कोर्टाने दिला त्याच कोर्टात आदेश ९ नियम १३ चा अर्ज करायचा. दोन कारणांवर तो मंजूर होतो: समन्सची रीतसर बजावणी झाली नाही, किंवा तारखेला हजर न राहण्याला पुरेसं कारण होतं. फक्त बजावणीत किरकोळ त्रुटी आहे, पण तारीख तुम्हाला माहीत होती आणि वेळही होता, असं दिसलं तर अर्ज फेटाळला जातो. म्हणून ‘समन्स मिळालं नाही’ एवढं एक वाक्य लिहून थांबू नका. त्या काळात तुम्ही कुठे राहत होतात, कुठे धंदा करत होतात, ते पुराव्यासह लिहा. आणि तुमचा मूळ बचाव काय होता हेही थोडक्यात द्या. नुसता वेळकाढूपणा नाही हे न्यायाधीशांना दिसलं पाहिजे.

कोर्ट अटी घालू शकतं. खर्च द्या, काही रक्कम कोर्टात जमा करा, असं. आम्हाला हुकूमनाम्याच्या रकमेचा काही भाग भरायला सांगितला आणि तो भरल्यावर हुकूमनामा रद्द होऊन दावा पुन्हा सुरू झाला. घरात आधी यावर भांडण झालं, ‘देणंच नाही तर भरायचं कशाला?’ पण अट पाळली नाही तर सगळा अर्जच वाया जातो. रकमेची तयारी आधीपासून ठेवा.

अपीलही करता येतं, दोन्ही एकाच वेळीही करता येतात. मात्र अपिलाचा निकाल लागला, तर नियम १३ चा अर्ज पुढे चालत नाही. कोणता रस्ता धरायचा हे वकिलाशी बसून ठरवा. माझं मत: तक्रार समन्सची असेल तर नियम १३, निकालातल्या चुकीची असेल तर अपील.

आणि लक्षात ठेवा, नुसतं अपील दाखल केल्याने वसुली थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज आणि त्यावर आदेश लागतो.

तिकडे वकील कसा शोधायचा? इथल्या वकिलांच्या ओळखीने मिळतो. वकीलपत्र नागपुरात सही करून कुरियरने पाठवता येतं, शपथपत्र इथल्या नोटरीसमोर करता येतं. परवडत नसेल तर प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण असतं, राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दिव्यांग पक्षकार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विचारायला संकोच करू नका.

६. त्याच वेळी नागपुरात: अवधी मागा

तिकडे अर्ज टाकून इकडची तारीख सोडून देणं हा सगळ्यात मोठा खड्डा आहे. नागपूरचं कोर्ट तुमच्या तिकडच्या अर्जाची वाट पाहत बसणार नाही. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०२१ पासूनचे निर्देश आहेत, त्यामुळे तारखा आता पूर्वीसारख्या लांबत नाहीत.

पहिल्या तारखेला वकीलपत्र दाखल करा, दरखास्तीच्या प्रती मागा आणि आदेश २१ नियम २६ खाली अर्ज द्या. या नियमाने वर्ग केलेला हुकूमनामा राबवणारं कोर्ट पुरेसं कारण दिसल्यास वाजवी मुदतीसाठी अंमलबजावणी थांबवतं, म्हणजे तुम्हाला मूळ कोर्टाकडून किंवा अपील कोर्टाकडून स्थगिती आणता यावी. ही कायमची स्थगिती नाही. मिळालेल्या वेळात तिकडून आदेश आणायचा असतो. अर्जासोबत तिकडच्या अर्जाची प्रत आणि दाखल क्रमांक जोडा, नुसतं ‘अर्ज करणार आहोत’ यावर फार काळ मिळत नाही. कोर्ट तारण मागेल. बँक गॅरंटी, जामीनदार किंवा काही रक्कम, याचा विचार आधीच करून जा.

तिकडून स्थगितीचा आदेश झाला की त्याची प्रमाणित नक्कल पुरसिससोबत (कोर्टाला दिलेलं सहीचं लेखी निवेदन) इथे लगेच दाखल करा. आदेश २१ च्या नियम २८ प्रमाणे (पुढेही नुसता ‘नियम’ म्हटला तो आदेश २१ चा) तो आदेश नागपूरच्या कोर्टावर बंधनकारक असतो, पण तो त्यांच्या फायलीत पोचवायचं काम तुमचं. जप्तीचं वॉरंट आधीच नाझरकडे (बेलिफांकडून वॉरंटं बजावून घेणारा कोर्टाचा अधिकारी) गेलं असेल तर ते परत मागवण्याचा आदेशही घ्या, नाहीतर कोर्टात स्थगिती आणि दुकानात बेलिफ, असं होऊ शकतं.

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडे रस्ते वळवलेले असतात. त्या आठवड्यांत तारीख असेल तर घरून बरंच लवकर निघा. पुकारा झाला आणि तुम्ही विधानभवनाजवळ अडकलेले, ही सबब चालत नाही.

७. नागपुरात कोणते आक्षेप खरोखर चालतात

इथे थोडं थांबून वाचा. कलम ४७ चा अर्ज म्हणजे मूळ दाव्याचा दुसरा डाव नव्हे. पण वसुलीच्या कागदांत चुका निघतात, आणि त्या शोधल्या तर रक्कम कमी होते, कधी दरखास्तच पडते.

हुकूमनामा रीतसर वर्ग झाला आहे का? कलम ३९ प्रमाणे मूळ कोर्टाने तसा आदेश द्यावा लागतो. नियम ६ प्रमाणे सोबत हुकूमनाम्याची प्रत, किती वसुली झाली वा झाली नाही याचा दाखला, आणि आधीच्या अंमलबजावणीच्या आदेशाची प्रत किंवा तसा आदेश नसल्याचा दाखला यावा लागतो. मूळ कोर्टाने स्वतःच नागपूरच्या मालमत्तेवर जप्ती काढली असेल, तर कलम ३९ चं चौथं पोटकलम दाखवा: आपल्या हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर मूळ कोर्टाला या कलमाखाली हुकूमनामा राबवता येत नाही. सरकारी आणि रेल्वे नोकरांच्या पगारासाठी मात्र वेगळी तरतूद आहे. नागपूरच्या कोर्टाच्या हद्दीबद्दल हरकत असेल तर ती पहिल्याच संधीला घ्या, मागाहून वरच्या कोर्टात ती ऐकली जात नाही.

रक्कम बरोबर आहे का? हुकूमनाम्याची शेवटची ओळ आणि दरखास्तीतला हिशेब शेजारी ठेवा. हुकूमनामा पुढच्या व्याजाबद्दल गप्प असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ प्रमाणे ते व्याज नाकारलं गेलं आहे असं मानायचं असतं. डिक्रीदाराच्या हिशेबात ते सर्रास धरलेलं दिसतं. हुकूमनाम्यानंतरचं व्याज साध्या व्यवहारात ६ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही, व्यापारी व्यवहारात जास्त असू शकतं. सरळ व्याज की चक्रवाढ, मुद्दलावर की सगळ्या रकमेवर, हे सीएकडून तपासून घ्या आणि आपला हिशेब तक्त्यात मांडून द्या. जी रक्कम तुम्हाला मान्य आहे ती कोर्टात भरून डिक्रीदाराला नोटीस दिली, तर त्या रकमेवरचं व्याज थांबतं.

हुकूमनामा नेमका कोणाविरुद्ध आहे? व्यापाऱ्यांनी हे डोळ्यांत तेल घालून पाहावं. फर्मविरुद्धचा हुकूमनामा भागीदारीच्या मालमत्तेवर चालतो. भागीदाराच्या खासगी घरावर जायचं तर तो दाव्यात स्वतःच्या नावाने हजर झालेला हवा, किंवा भागीदार असल्याचं त्याने कबूल केलेलं वा कोर्टाने ठरवलेलं हवं, किंवा त्याच्यावर भागीदार म्हणून समन्स बजावलेलं हवं. यांपैकी काही नसेल तर डिक्रीदाराला आदेश २१ नियम ५० खाली मूळ कोर्टाची परवानगी आणावी लागते. खासगी मर्यादित कंपनीविरुद्धच्या हुकूमनाम्यात संचालकाचं नाव नसेल, तर फक्त संचालक आहे म्हणून त्याचं घर जप्त होत नाही.

मयत माणसाचं काय? दावा दाखल होण्याआधीच प्रतिवादी वारला असेल, तर त्याच्याविरुद्धचा हुकूमनामा शून्य असतो. मृत्यूचा दाखला जोडा. हुकूमनाम्यानंतर वारला असेल तर वारस कलम ५० प्रमाणे जबाबदार असतात, पण मयताची जी मालमत्ता त्यांच्या हाती आली तेवढ्यापुरतेच. मुलाने स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट त्यात येत नाही.

आणखी दोन. हुकूमनाम्याला १२ वर्षं उलटून गेली असतील तर वसुलीचा अर्ज मुदतबाह्य आहे. अपील झालं असेल तर अपिलाच्या हुकूमनाम्यापासून मोजा. आणि हुकूमनाम्याला २ वर्षं झाल्यावर किंवा वारसांविरुद्ध दरखास्त केली, तर नियम २२ ची कारणे दाखवा नोटीस आधी द्यावी लागते. मधल्या काळात वसुलीचा दुसरा अर्ज चालू होता, असल्या परिस्थितीत याला अपवाद आहेत, म्हणून आधी रोजनामा पाहा.

सगळे आक्षेप एकाच अर्जात घ्या. एक फेटाळला की दुसरा, असं करत गेलात तर ‘हे आधी का मांडलं नाही’ म्हणून मागचे बंद होतात. प्राङ्न्यायाचं तत्त्व, म्हणजे एकदा निकाली निघालेला मुद्दा पुन्हा काढता येत नाही, हे अंमलबजावणीलाही लागू आहे.

८. जप्तीच्या दिवशी

बेलिफाशी हुज्जत घालू नका, तो वॉरंटाप्रमाणे काम करतो. ओळखपत्र आणि वॉरंट पाहायला मागा, वकिलाला फोन करा. राहत्या घरात सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जंगम मालाच्या जप्तीसाठी शिरता येत नाही.

कलम ६० प्रमाणे काही वस्तू जप्त होत नाहीत: घरातल्या माणसांचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्रासारखे धार्मिक रूढीप्रमाणे अंगावरून न काढायचे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि त्याचं राहतं घर, हिशेबाच्या वह्या, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची पॉलिसी. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो, पोटगीच्या हुकूमनाम्याला हा हिशेब लागू नाही.

जप्त झालेली वस्तू तुमची नसून बायकोची, भावाची किंवा माल ठेवायला दिलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्याची असेल, तर त्या व्यक्तीने स्वतः नियम ५८ खाली हरकत घ्यायची, बिलासह, विक्री होण्याआधी. विक्री झाल्यावर ती हरकत ऐकली जात नाही.

नोटीस आल्यावर घर बायकोच्या नावाने बक्षीसपत्र करून टाका, असा सल्ला देणारे नातेवाईक भेटतील. ऐकू नका. जप्तीनंतरचं हस्तांतर डिक्रीदाराच्या हक्कापुरतं निरर्थक ठरतं, आणि आधी केलेलंही घेणेकऱ्याला बुडवण्यासाठी केलं म्हणून रद्द होऊ शकतं. शिवाय तुमच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो. मालमत्तेचं शपथपत्र मागितलं तर ते द्या. आदेश मोडून ते टाळलं तर ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

९. अटकेची भीती

घरातली वडीलधारी माणसं सर्वांत जास्त याला घाबरतात, म्हणून स्पष्ट लिहितो. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही. इतरांनाही फक्त पैसे दिले नाहीत म्हणून आत टाकता येत नाही. पैसे असूनही अप्रामाणिकपणे टाळतो आहे, मालमत्ता लपवतो आहे किंवा पळून जाण्याच्या बेतात आहे, असं काही कोर्टाला पटावं लागतं; सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात १९८० मध्ये हेच सांगितलं. अशी नोटीस आली तर हजर राहा. उत्पन्न, आजारपण, घरातली जबाबदारी यांचे कागद घेऊन जा. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं.

१०. तडजोड केलीत तर ती नोंदवा

डिक्रीदार बऱ्याचदा कमी रकमेवर तयार होतो, कारण परगावी येऊन दरखास्त चालवणं त्यालाही जड जातं. तडजोड करायला हरकत नाही. पण पैसे त्याच्या हातात देऊन ‘आता संपलं’ असं समजू नका. कोर्टाबाहेर दिलेली आणि कोर्टात न नोंदलेली रक्कम अंमलबजावणीचं कोर्ट विचारात घेत नाही, नियम २ तसं स्पष्ट सांगतो. पैसे कोर्टात भरा किंवा बँकेतून द्या, दोघांच्या सहीची पुरसिस त्याच तारखेला दाखल करा. तो सही द्यायला टाळाटाळ करत असेल तर ३० दिवसांच्या आत तुम्ही स्वतः अर्ज करा.

११. आदेश झाल्यावर

कलम ४७ खालचा आदेश विरोधात गेला तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्यावर अपील नाही. रस्ता नागपूर खंडपीठाकडे, पुनरीक्षण (खालच्या कोर्टाचा आदेश उच्च न्यायालयाने तपासणं) किंवा संविधानाच्या अनुच्छेद २२७ ची याचिका. कोणतं बसतं ते आदेशाच्या स्वरूपावर ठरतं. नियम ५८ च्या हरकतीवरचा निकाल मात्र हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील होतं.

हुकूमनामा रद्द होण्याआधी काही वसुली झालेली असेल, तर ती परत मिळवण्यासाठी कलम १४४ चा अर्ज मूळ कोर्टात करायचा. तो आपोआप होत नाही.

आदेश तुमच्या बाजूने झाला की दरखास्त निकाली काढल्याचा आदेश मिळवा. नागपूरचं कोर्ट कलम ४१ प्रमाणे मूळ कोर्टाला तसं कळवतं. कळवल्याची नोंद रोजनाम्यात आली का ते पाहा, कारण तिकडे हुकूमनामा जिवंत दिसला तर दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा वर्ग होऊ शकतो. मग आदेशाच्या प्रमाणित नकला घेऊन जिथे जिथे जप्ती लागली होती तिथे स्वतः जा: बँकेची शाखा, नगर भूमापन कार्यालय, शेती असेल तर तलाठी. जप्ती उठल्याची नोंद अर्ज केल्याशिवाय होत नाही. नवीन आखीव पत्रिका (शहरातल्या मिळकतीचा उतारा) किंवा सातबारा काढून इतर हक्काच्या रकान्यातली ती ओळ गेली आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, आणि तो उतारा हुकूमनाम्याच्याच फायलीत लावून ठेवा.